आधी गुणाकार कर

सीबीसी तूच लिहून दिलीस. पैसे आईबापांनी भरले, सुई पोराला टोचली. रिपोर्ट तुझ्या टेबलावर आला. तू हिमोग्लोबिन पाहिलंस, प्लेटलेट्स पाहिल्यास, 'इन्फेक्शन काही दिसत नाही' म्हणालास आणि कागद फायलीत सरकवलास. मधल्या ओळीत इओसिनोफिल 7 टक्के लिहिले होते. ती ओळ तुला दिसली नाही, की दिसूनही तू पुढे गेलास?

तुझ्याकडून पुढे पाठवलेली मुलं माझ्या ओपीडीत येतात. त्यांच्या फायली मी पहिल्या पानापासून वाचते. म्हणून हे लिहिते आहे, आणि सौम्य शब्दांत लिहिणार नाही. तुला कळत नसतं तर पुन्हा शिकवलं असतं. तुला कळतं. केस सांगताना इंटरल्युकिन-5 पासून श्वासनलिकेच्या सुजेपर्यंतची सगळी साखळी तू कागदाकडे न बघता सांगायचास. ती विद्या परीक्षेपुरतीच होती का?

टक्के वाचून थांबायचं नसतं, एवढं तरी आठवतंय ना? एका मुलाच्या पांढऱ्या पेशी 5,000 आणि इओसिनोफिल 7 टक्के. लॅबने ठळक अक्षरात 'हाय' छापलं. गुणाकार केला तर 350. दुसऱ्याच्या पेशी 14,000, इओसिनोफिल 3 टक्के. लॅब म्हणते नॉर्मल. गुणाकार केला तर 420. मग जास्त कुणाचे? चौथीतलं पोर हा हिशोब करेल. तू करत नाहीस, कारण ठळक छपाई दिसली की डोकं वापरावं लागत नाही. जिथे लॅब गप्प बसते तिथे तूही गप्प बसतोस. रिपोर्ट लॅबवाल्याने वाचायचा होता, तर मग आईबाप तुझी फी कशाला भरतात?

आणि गुणाकाराचं उत्तर ज्याच्याशी ताडायचं तो 300 हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. 2016 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक ते पाच वर्षांची 300 मुलं, सगळी रोजच्या औषधाची गरज असलेली. प्रत्येकाला आळीपाळीने तीन उपचार दिले: रोज स्टेरॉइडचा पंप, रोज मॉन्टेलुकास्ट, किंवा लागेल तेव्हाच स्टेरॉइडचा पंप. प्रत्येक उपचार सोळा आठवडे. मग पाहिलं की कुणाला कशाने गुण येतो. ज्यांच्या रक्तात इओसिनोफिल 300 किंवा त्याहून जास्त होते, किंवा ज्यांना हवेतल्या अ‍ॅलर्जनची संवेदनशीलता होती, त्यांना रोजच्या स्टेरॉइड पंपाने सगळ्यांत चांगला गुण आला. ज्यांच्यात यातलं काहीच नव्हतं, त्यांच्यात तिन्हींत फारसा फरक दिसला नाही. म्हणजे तू रोज ज्या प्रश्नापुढे अडतोस, 'या पोराला पंप द्यावा की सिरप चालेल', त्याचं बरंचसं उत्तर तुझ्याच फायलीत पडलेलं असतं. आणि तू देतोस काय? येईल त्याला मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिनचं सिरप. तीन महिने, सहा महिने, बाटलीवर बाटली. मॉन्टेलुकास्टमुळे झोप बिघडते, मुलं चिडचिडी होतात, मनःस्थितीवर परिणाम होतो, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च 2020 मध्ये त्याच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. 'मुलगी रात्री दचकून उठते' असं आई सांगते तेव्हा तू काय विचारतोस? की 'दात खाते का? जंत असतील' म्हणून विषय मिटवतोस?

आता तू पाठवलेल्या एका मुलीबद्दल बोलू. सहा वर्षांची. तुझ्याकडे ती तिसऱ्या वर्षापासून येते आहे. पहिल्याच सीबीसीत पेशी 9,600 आणि इओसिनोफिल 7 टक्के. म्हणजे 672. कोपराच्या खळग्यात एक्झिमा, हे तुझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. वडिलांना दमा, हेही तूच लिहिलं आहेस. सन 2000 पासून वापरात असलेला दम्याच्या भाकिताचा निर्देशांक तुला पाठ होता. वारंवार घरघर होणारं लहान मूल असेल, आणि आईवडिलांपैकी कुणाला दमा किंवा मुलाला एक्झिमा असेल, तर एवढ्यानेच तो पॉझिटिव्ह होतो. इओसिनोफिल 4 टक्के किंवा जास्त असणं हा त्यातला किरकोळ निकष. तुझ्यापुढे मोठे दोन्ही आणि किरकोळ एक, तिन्ही एका पानावर होते. तू निदानाच्या जागी काय लिहिलंस? 'अ‍ॅलर्जिक खोकला.' पुढच्या भेटीत तेच. त्याच्या पुढच्या भेटीतही तेच. तीन वर्षं!

'दमा' लिहायला हात का धजावला नाही? मला कारण माहीत आहे. दमा म्हटलं की आजी रडायला लागते, बाप म्हणतो मुलीचं लग्न कसं होणार, आणि पुढच्या वेळी ते दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. म्हणून तू 'बाळदमा आहे, मोठी झाली की जाईल' म्हणतोस. त्यांच्या समाधानासाठी नाही, तुझ्या सोयीसाठी. खरं सांगायला वीस मिनिटं लागतात, वेळ मारून न्यायला दोन. तू दोन मिनिटांचा मार्ग धरलास आणि त्याची किंमत त्या मुलीने मोजली. जून उजाडला, शाळा सुरू झाली, पहिला पाऊस पडला की नेब्युलायझर आणि प्रेडनिसोलोन. दिवाळीच्या धुरात पुन्हा तेच. मधले महिने पंपाविना.

'आईबाप पंप नको म्हणतात.' हे तुझं आवडतं वाक्य. सवय लागेल, उंची खुंटेल, स्टेरॉइड वाईट असतं. बरं, मग हा हिशोब कर. मुलगी 20 किलोची. किलोमागे 1 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, पाच दिवस. झाले 100 मिलिग्रॅम, म्हणजे 1,00,000 मायक्रोग्रॅम, आणि तेही तोंडावाटे, सगळ्या शरीरभर. पंपातून ब्युडेसोनाइडचा कमी डोस दिवसाला 200 मायक्रोग्रॅम धर. एका कोर्समधल्या स्टेरॉइडच्या वजनात पंपाचे 500 दिवस निघतात. दोन औषधांची ताकद वेगळी असते हे मला माहीत आहे, वाद घालू नकोस. तरीसुद्धा हा हिशोब कागदावर मांडून तू त्या बापाला कधी दाखवलास? स्टेरॉइड नको म्हणणाऱ्या घरात तू वर्षाला तीनतीन वेळा स्टेरॉइड पाजलंस, आणि ते स्टेरॉइड आहे हे त्यांना कळूसुद्धा दिलं नाहीस. उंचीची भीती खोटी नाही. उत्तर अमेरिकेत रोज 400 मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड चारसहा वर्षं घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरी 1.2 सेंटिमीटरने कमी भरली. 2012 साली प्रसिद्ध झालेला आकडा आहे. तो लपवू नकोस, सांग. सव्वा सेंटिमीटर एका बाजूला, रात्रभर उशीला टेकून बसलेली मुलगी दुसऱ्या बाजूला. आईबाप मूर्ख नसतात. त्यांना आकडे कळतात. त्यांच्याशी आकड्यांत बोलायचं धाडस तुझ्यात नाही.

दुसरं तुणतुणं, 'आमच्याकडे तालुक्याला सुविधा नाहीत, मॅडम.' नायट्रिक ऑक्साइड मोजायचं यंत्र नाही. मान्य. स्पायरोमेट्री धड होत नाही. तेही मान्य. पण सीबीसीचं यंत्र तुझ्या गल्लीच्या टोकाला आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ब्रिटनची 2024 ची मार्गदर्शिका उघडून बघ. पाच ते सोळा वर्षांच्या मुलांत नायट्रिक ऑक्साइड, स्पायरोमेट्री, पीक फ्लो यांतून उत्तर मिळालं नाही, तर ती शेवटी रक्ताकडेच वळते. घरातल्या धुळीतल्या माइटची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह असेल किंवा एकूण आयजीई वाढलेलं असेल, आणि सोबत इओसिनोफिल 500 च्या वर असतील, तर निदान दमा. श्रीमंत देशसुद्धा ज्या स्वस्त चाचणीवर विसंबतात, ती तुझ्या फायलीत तीनदा आहे. तीनदा! सुविधा नाहीत हे कारण तुझ्या तोंडी शोभत नाही.

हे वाचून तू उद्यापासून आकड्याची पूजा मांडशील, तर तेही मला चालणार नाही. तुझी पिढी एक तर रिपोर्ट बघत नाही, नाहीतर रिपोर्टशिवाय दुसरं काही बघत नाही.

अटॅक आला, प्रेडनिसोलोन सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी रक्त काढलंस. इओसिनोफिल 40. 'बघा, अ‍ॅलर्जी नाही.' अरे, तोंडावाटे स्टेरॉइड पोटात गेलं की काही तासांत ते रक्तातून उतरतात. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल सकाळी चढतं तेव्हाही ते उतरतात आणि रात्री पुन्हा वाढतात. तापात, जंतुसंसर्गात कमी होतात. चुकीच्या वेळी काढलेला काउंट न काढल्यापेक्षा वाईट, कारण त्यावर तू निर्णय घेतोस. गंभीर दम्याच्या मुलाबद्दल 'याच्यात इओसिनोफिलचा भाग नाही' असं म्हणायचं असेल तर काउंट पुन्हा काढावा लागतो, गरज पडली तर तीनदा, आणि स्टेरॉइडचा कोर्स संपून एकदोन आठवडे गेल्यावर. तारीख आणि त्या दिवशी चालू असलेली औषधं रिपोर्टवर लिहायची, हे मी वॉर्डात किती वेळा सांगितलं होतं? एकाही कागदावर ते नाही.

आणि काउंट वाढलेला दिसला की फायलेरियावरचं डीईसीचं सिरप. तीन आठवडे. हा कुठला उपचार? उष्ण कटिबंधातला फायलेरियाजन्य इओसिनोफिलिया खरा आजार आहे, नाकारत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या बाजूला तर डोक्यात असायलाच हवा. पण त्यात काउंट 3,000 च्या वर जातो, रात्रीचा कोरडा खोकला असतो, आयजीई प्रचंड वाढलेलं असतं. 600 काउंटच्या, एक्झिमा असलेल्या पोराला डीईसी पाजून तू तीन आठवडे कशाची वाट बघत होतास? जंतांमुळेही काउंट वाढतो. मग शाळेत फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या 10 तारखेला मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी खाल्ली का, एवढं विचार, आणि खाल्ली असेल तर तो विषय तिथे संपव. काउंट खरोखरच दीड हजाराच्या पुढे गेला आणि तिथेच राहिला तर मात्र थांब आणि विचार कर. आयजीई हजारांत आणि मुलगा तपकिरी गुठळ्या खोकून काढतोय, तर बुरशीची अ‍ॅलर्जी शोध. अशा एका मुलाला दोन वर्षं नुसता पंप वाढवत ठेवलेलं मी पाहिलं आहे. सुदैवाने तो तुझा रुग्ण नव्हता.

उलट्या बाजूनेही तेच. काउंट 90 आला म्हणून 'दमा नाही' असा शिक्का मारू नकोस. दम्याचे प्रकार आहेत, आणि लहान मुलांत रक्तातला आकडा आणि श्वासनलिकेतली सूज दर वेळी जुळत नाहीत. पण काउंट सतत कमी, एक्झिमा नाही, घरी कुणाला दमा नाही, फक्त सर्दीत घरघर, आणि तरी तू स्टेरॉइड वाढवतच चालला आहेस, तर तुझं चुकतंय. तिथे दुसरं काही शोधायचं असतं. खाताना शेंगदाणा श्वासनलिकेत अडकलाय का? क्षयाची गाठ नळीवर दाब देतेय का?

अ‍ॅलर्जीच्या मोठ्या पॅनलबद्दल थोडक्यात सांगते, नाहीतर रागात भलतंच लिहीन. साठसत्तर पदार्थांचं पॅनल, रिपोर्टमध्ये लाल पट्ट्या, आणि त्या बघून दूध बंद, अंडं बंद, केळं बंद, दही बंद. खाल्ल्यावर त्रास होतो का, हे मुलाच्या आईला कुणी विचारलंच नाही. आयजीई पॉझिटिव्ह म्हणजे संवेदनशीलता, आजार नव्हे, हे तुला कळतं. पोर वाळून गेलं आणि घरघर तशीच राहिली. व्हिटॅमिन डी कमी दिसलं की साठ हजारांची पाकिटं, त्याचंही तेच. अमेरिकेत सहा ते सोळा वर्षांच्या, डी कमी असलेल्या दमेकरी मुलांना रोज 4,000 युनिट देऊन पाहिलं. अटॅक त्याने लांबले नाहीत. 2020 साली छापून आलंय. हाडांसाठी द्यायचं तर दे, दम्याचं औषध म्हणून देऊ नकोस.

महागड्या इंजेक्शनांबद्दल तू मागच्या महिन्यात विचारलंस. बरं वाटलं, खरंच. पण प्रश्न चुकीच्या टोकापासून सुरू केलास. काउंट 600 आहे, मग मेपोलिझुमॅब चालेल का? आयजीई 800, मग ओमालिझुमॅब? ही औषधं रक्तावरूनच निवडतात, यात शंका नाही. ओमालिझुमॅबचा तर डोससुद्धा वजन आणि आयजीई यांवरून ठरतो. (आणि ते सुरू झाल्यावर एकूण आयजीई वाढलेलंच दिसतं, म्हणून गुण आला का हे बघायला पुन्हा आयजीई काढू नकोस.) पण 2022 साली आलेला मेपोलिझुमॅबचा अभ्यास वाचलास का? अमेरिकी शहरांतल्या गरीब वस्त्यांतली मुलं, सगळ्यांचे इओसिनोफिल 150 च्या वर, वारंवार अटॅक येणारी. इंजेक्शनने इओसिनोफिल उतरतात. अटॅक किती कमी झाले? प्लासिबो घेणाऱ्यांत वर्षाला मुलामागे 1.30, इंजेक्शन घेणाऱ्यांत 0.96. चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त कमी. फुप्फुसाची क्षमता सुधारली नाही. मोठ्यांत जेवढा गुण दिसतो तेवढा नाही. मूल म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे, हे बालरोगशास्त्राचं पहिलं वाक्य, आणि तू मोठ्यांचा आकडा उचलून मुलावर बसवायला निघालास.

थुंकीतले इओसिनोफिल मोजून उपचार बदलल्याने मोठ्यांत अटॅक कमी झाले, हे 2002 साली लेस्टरला दिसलं होतं. गंभीर दम्याच्या मुलांत 2012 साली तोच प्रयोग झाला, तेव्हा अटॅकमध्ये ठोस फरक दिसला नाही. नायट्रिक ऑक्साइड बघून औषध वाढवायचा मोठा प्रयोग ब्रिटनमध्ये 509 मुलांवर झाला, त्यातही अटॅक कमी झाले नाहीत. का? एक कारण मला तरी उघड दिसतं. ज्या मुलाच्या फुप्फुसांत औषध पोचतच नाही, त्याचा डोस आकड्यावरून वाढवून काय साधणार?

इंजेक्शनासाठी तू पाठवलेल्या मुलाच्या आईला मी पंप दाखवायला सांगितलं. स्पेसर घरी. कुठे? 'माळ्यावर.' डॉक्टरांनी वापरून दाखवला होता का? 'नाही, मेडिकलवाल्याने सांगितलं.' पंपात फवारे 200. सकाळी दोन, रात्री दोन, म्हणजे पन्नास दिवसांत रिकामा व्हायला हवा. फेब्रुवारीत घेतलेला पंप जुलैत अजून 'चालू' होता. सांग, हा गंभीर दमा आहे का? का तू पाच मिनिटं बसून ही विचारपूस केली नाहीस? रक्त काढायला वेळ मिळाला, आयजीई पाठवायला वेळ मिळाला, तीनशे किलोमीटरवर माझ्याकडे पाठवायला वेळ मिळाला. 'पंप ओढून दाखव बाळा' एवढं म्हणायला वेळ नव्हता?

काउंट वाढलेला असूनही पंप चालत नाही, याचं पहिलं कारण पंप घेतला जात नाही हेच असतं. दुसरं कारण चुकीचा घेतला जातो. बाकी सगळं त्याच्या मागून. आणि स्पेसर परवडत नाही असं कुणी म्हटलं तर हात झटकू नकोस. अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला नीट भोक पाडून बनवलेला स्पेसर मुलांच्या अटॅकमध्ये विकतच्या इतकाच चालतो, हे केपटाऊनच्या डॉक्टरांनी 1999 मध्ये दाखवून दिलं. तू तो एकदा तरी बनवून पाहिलास?

तू आळशी नाहीस. रात्री दोन वाजता फोन उचलतोस, हे तुझे पेशंट मला सांगतात, आणि म्हणूनच मला जास्त राग येतो. रात्री दोनला धावणारा माणूस दुपारी बाराला रिपोर्टची मधली ओळ वाचत नाही. धावपळ केली की काम केल्यासारखं वाटतं. अटॅक आल्यावर धावलास की आईबाप पाया पडतात. अटॅक आलाच नाही तर कुणी आभार मानायला येत नाही. तुला त्या पाया पडण्याची सवय लागली आहे का, हे एकदा स्वतःला विचार. उत्तर मला सांगू नकोस.

त्या सहा वर्षांच्या मुलीला मी रोजचा पंप सुरू करून दिला आहे आणि मॉन्टेलुकास्ट बंद केलं आहे. यापुढे तिला तुझ्याकडेच यायचं आहे. तीनशे किलोमीटर दर महिन्याला कोण येणार? तिचा धाकटा भाऊ दोन वर्षांचा झाला. त्याचीही छाती भरायला लागली आहे आणि गालावर, गुडघ्यामागे चट्टे आहेत, असं आई म्हणाली. त्याचं रक्त अजून कुणी पाहिलेलं नाही. गुरुवारी ती दोघांनाही घेऊन तुझ्याकडे येते आहे. पंप आणि स्पेसर पिशवीत घालून आणायला सांगितलं आहे. बापालाही बरोबर आण म्हटलं आहे. त्यांना शेवटी घे आणि मधे फोन उचलू नकोस.